टेपवरच्या चित्रणाची आपोआप विभागणी : लग्नाच्या कॅसेटपासून गावाच्या संग्रहापर्यंत

टेपवरचे चित्रण संगणकात उतरवताना, म्हणजेच कॅप्चर करताना, कॅमेरा जिथे थांबून पुन्हा सुरू झाला असेल ती प्रत्येक जागा संगणकाने स्वतः ओळखणे आणि तिथून नवी क्लिप धरणे, याला प्रसंगांची आपोआप विभागणी म्हणतात. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय 'सीन डिटेक्ट' या नावाने असते. साठ मिनिटांची टेप सलग उतरवली तर ९०,००० फ्रेमची एकच लांबलचक फाइल हाती येते. तीच विभागून घेतली तर हळद, परण्या, अक्षता, आहेर, पंगत, पाठवणी असे प्रसंग सुट्या तुकड्यांत मिळतात आणि हवा तो क्षण शोधायला तासभर टेप पुढेमागे करावी लागत नाही.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत या सोयीचे महत्त्व संपादकाचे श्रम वाचवण्यापुरते नाही. व्हिडिओ कॅसेट खेड्यापाड्यांत पोचली तेव्हापासून मेमरी कार्डाचे कॅमेरे रुळेपर्यंतची सुमारे पंचवीस वर्षे इथले सार्वजनिक आणि घरगुती आयुष्य टेपवर नोंदले गेले. लग्ने, अखंड हरिनाम सप्ताह, माळेगावची खंडोबाची यात्रा, शाळांची स्नेहसंमेलने, निवडणुकीच्या सभा हे सारे त्यात आले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावेच्या गावे पाडली. सुमारे दहा हजार माणसे गेली आणि पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या गावांतल्या एखाद्या लग्नाची १९९३ पूर्वीची कॅसेट एखाद्या सोयऱ्याच्या घरी सापडली, तर तिच्यात नवरानवरीच्या मागे दिसणारा दगडमातीचा वाडा, माळवद, वेस, पार आता जमिनीवर उरलेले नाहीत. नांदेडात २००८ साली श्री गुरु ग्रंथ साहिबांच्या गुरुतागद्दीची ३०० वर्षे साजरी झाली आणि देशविदेशातून भाविक आले. तो काळही बराचसा टेपचाच होता. अशा चित्रणात नेमकी जागा सापडणे ही पुढच्या पिढ्यांची गरज आहे आणि त्याची पहिली पायरी विभागणी ही आहे.

डिजिटल टेपवर चित्राशिवाय काय लिहिलेले असते

विभागणी कशी होते हे टेपच्या जातीवर अवलंबून आहे. १९९५ मध्ये आलेल्या डीव्ही पद्धतीत चित्र आणि आवाज आकड्यांच्या रूपात टेपवर उतरतात. मिनीडीव्हीची टेप ६.३५ मिलिमीटर रुंद असते. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीत दर सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेम टेपवरच्या १२ तिरक्या पट्ट्यांत लिहिली जाते. अशा एका फ्रेमचा सारा मजकूर १,४४,००० बाइटांचा असतो. म्हणजे सेकंदाला ३.६ मेगाबाइट आणि तासाला जवळपास १३ गिगाबाइट.

या मजकुरात चित्र आणि आवाजाबरोबर कॅमेऱ्याने केलेल्या काही छोट्या नोंदीही असतात. त्यांपैकी तीन विभागणीच्या कामाच्या आहेत. पहिली टाइमकोडची : टेपच्या सुरुवातीपासून तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम मोजणारा आकडा. दुसरी तारीख आणि वेळेची : कॅमेऱ्यातल्या घड्याळाने त्या क्षणी दाखवलेली. तिसरी म्हणजे चित्रीकरण इथे सुरू झाले एवढेच सांगणारी खूण, जी रेकॉर्डचे बटण दाबल्यावरच्या पहिल्या काही फ्रेमवर उमटते. पडद्यावर यांतले काहीच दिसत नाही. कॅमेरा संगणकाला जोडणाऱ्या फायरवायरच्या केबलने टेप उतरवली की मात्र चित्राबरोबर या नोंदीही जशाच्या तशा संगणकात येतात.

टाइमकोड आणि तारीख यांचे काम वेगवेगळे आहे आणि त्यांची गल्लत नेहमी होते. शूटिंग करणाऱ्याने कॅमेरा थांबवून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू केला, तरी टाइमकोड आधी जिथे संपला होता तिथूनच पुढे मोजत राहतो. त्यात खंड दिसत नाही. तारीख-वेळेत मात्र दहा मिनिटांची उडी स्पष्ट दिसते. उलट, टेप मध्येच मागे-पुढे करून पाहिली आणि थोडी कोरी जागा सोडून पुढचे शूटिंग केले, तर टाइमकोड पुन्हा शून्यापासून सुरू होतो. एकाच टेपवर तोच आकडा दोन ठिकाणी येतो आणि टाइमकोडच्या भरवशावर टेप उतरवणारे सॉफ्टवेअर चुकीच्या जागी जाऊन थांबते.

तारीख-वेळेवरून विभागणी

डीव्ही टेपसाठी सर्वांत भरवशाची पद्धत तारीख-वेळेचीच आहे. लागोपाठच्या दोन फ्रेमच्या वेळेत एका सेकंदापेक्षा मोठी उडी असेल, किंवा वेळ मागे गेली असेल, तर तिथे कॅमेरा थांबला होता असे धरायचे. नियम एवढाच आहे.

समजा, अहमदपूर तालुक्यातल्या एका लग्नाच्या टेपवर एक फ्रेम ११ वाजून ४२ मिनिटे १० सेकंदांची आहे आणि तिच्या पुढची ११ वाजून ५८ मिनिटे ३७ सेकंदांची. मधली साडेसोळा मिनिटे टेपवर नाहीत. आधीच्या क्लिपमध्ये नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघालेला आहे, नंतरच्या क्लिपमध्ये मांडवात अंतरपाट धरलेला आहे. इथे चित्रे अगदी वेगळी आहेत, त्यामुळे डोळ्यालाही फरक कळतो. पण पंगतीत कॅमेरा एकाच जागी धरून शूटिंग करणाऱ्याने पाच मिनिटे विश्रांती घेतली आणि त्याच कोनातून पुन्हा सुरुवात केली, तर चित्रावरून तो सांधा ओळखणे अवघड जाते. तारीख-वेळ तोही अचूक दाखवते.

कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे लावलेले असले तरी या पद्धतीचे काही बिघडत नाही. २००६ च्या लग्नावर २००२ ची तारीख पडली असली, तरी घड्याळ चालू होते तोवर उड्या योग्य जागीच दिसतात. तारीख नंतर दुरुस्त करता येते. अडचण येते ती घड्याळ मुळात लावलेलेच नसेल तेव्हा. घड्याळाला वीज पुरवणारा आतला छोटा सेल संपला की काही कॅमेरे तारखेची जागा रिकामी ठेवतात. अशा टेपवर चित्रीकरण सुरू झाल्याची ती तिसरी खूण कामी येते. म्हणून चांगले सॉफ्टवेअर दोन्ही नोंदी तपासते.

एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. बटण दाबून एका सेकंदाच्या आत पुन्हा दाबले, तर वेळेत मोठी उडी पडत नाही आणि तो सांधा निसटतो. उतरवताना संगणक मंद पडून काही फ्रेम गळाल्या, किंवा टेपवरच्या डागामुळे नोंद वाचता आली नाही, तर नसलेला सांधा दिसतो. उडीची मर्यादा एका सेकंदावरून दोन-तीन सेकंदांपर्यंत वाढवली की दुसऱ्या प्रकारच्या चुका कमी होतात, पहिल्या प्रकारच्या थोड्या वाढतात.

लग्नाच्या शूटिंगमध्ये खूप चाललेल्या सोनी पीडी १७० सारख्या कॅमेऱ्यात डीव्हीकॅम पद्धतीनेही चित्रण करता येई. त्यात पट्टी १० ऐवजी १५ मायक्रॉन रुंद असते, त्यामुळे साठ मिनिटांच्या टेपवर चाळीसच मिनिटे बसतात. मजकूर आणि नोंदी मात्र त्याच आहेत, म्हणून विभागणीही तशीच होते. २००३ मध्ये आलेली एचडीव्ही पद्धत त्याच मिनीडीव्ही टेपवर उच्च दर्जाचे चित्र बसवते. त्यासाठी ती १२-१२ फ्रेमचा गट करून दाबते. अशा गटाच्या मध्ये कापता येत नाही, म्हणून एचडीव्हीची क्लिप खऱ्या सांध्याच्या अर्ध्या सेकंदापर्यंत अलीकडे-पलीकडे तुटू शकते.

सॉफ्टवेअरचा आढावा

डीव्हीच्या भराच्या काळात जवळपास प्रत्येक संपादन सॉफ्टवेअरने ही सोय दिली, पण प्रत्येकाची रीत निराळी होती. पिनॅकल स्टुडिओ हे छोट्या स्टुडिओंच्या ओळखीचे नाव. त्यात चार पर्याय असत : तारीख-वेळेवरून विभागणी, चित्रातल्या बदलावरून विभागणी, ठरावीक सेकंदांनी विभागणी, आणि माणसाने स्वतः की दाबून केलेली विभागणी. या विषयातले बहुतेक मार्ग या चारांत येऊन जातात. विंडोज एक्सपीसोबत आलेला मूव्ही मेकर डीव्ही टेपच्या क्लिप तारीख-वेळेवरून करी. अडोबी प्रीमिअरमध्ये कॅप्चरच्या खिडकीतच सीन डिटेक्टची खूण करता येते. ॲपलच्या फायनल कटमध्ये टेप सलग उतरवून नंतर सांध्यांवर खुणा टाकण्याची सोय होती. तिचा फायदा असा की मूळ फाइल अखंड राहते.

फुकट मिळणाऱ्या साधनांमध्ये विंडोजवरचे विनडीव्ही अगदी लहान, पण भरवशाचे. किती सेकंदांची उडी म्हणजे नवी क्लिप, हा आकडा त्यात थेट भरता येतो. सीनॲनालायझर लाइव्ह तारीख-वेळ आणि चित्र दोन्ही तपासते. लिनक्सवर डीव्हीग्रॅब नावाची आज्ञा आहे. ती टेप उतरवता उतरवता क्लिप पाडते आणि सांगितल्यास प्रत्येक क्लिपच्या नावात शूटिंगची तारीख आणि वेळ घालते. अलीकडचे डीव्हीरेस्क्यू हे संग्रहालयांच्या गरजेतून तयार झालेले मुक्त साधन. टेपवर कुठे खराबी आहे, तारीख आणि टाइमकोड कुठे तुटले, चित्रीकरण कुठे सुरू झाले याचा पूर्ण तक्ता ते देते. एकच टेप दोन-तीनदा उतरवली असेल तर प्रत्येक वेळचा चांगला भाग निवडून एक निर्दोष प्रत करण्याची सोयही त्यात आहे.

विभागणीशी गल्लत होणारी आणखी एक गोष्ट म्हणजे आकारावरून पडणारे तुकडे. जुन्या एव्हीआय फाइलला २ गिगाबाइटांची मर्यादा होती, म्हणजे डीव्हीची दहा मिनिटेही त्यात बसत नसत. फॅट ३२ पद्धतीच्या हार्ड डिस्कवर ४ गिगाबाइटांची मर्यादा आहे, म्हणजे सुमारे वीस मिनिटे. त्या काळच्या संगणकांवर मंगलाष्टकांच्या ऐन मध्ये फाइल तुटलेली दिसते ती या कारणाने. त्या तुकड्यांचा प्रसंगाशी काही संबंध नाही. ते आधी जोडून घ्यावेत, मग विभागणी करावी.

व्हीएचएस : जिथे तारखेची नोंदच नाही

मराठवाड्यातल्या घरांत आज सापडणाऱ्या कॅसेटांपैकी जुन्या कॅसेट व्हीएचएसच्या आहेत. जेव्हीसीने ही पद्धत १९७६ मध्ये आणली. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी देशात रंगीत दूरदर्शन आले आणि त्या दशकात व्हिडिओ पसरत गेला. व्हीएचएसवर चित्र लहरींच्या रूपात असते. डीव्हीसारखी तारीख-वेळेची लपलेली नोंद तिच्यात नाही. पडद्याच्या कोपऱ्यात जी तारीख दिसते ती चित्राचाच भाग असते. माणसाला ती वाचता येते, साध्या कॅप्चर सॉफ्टवेअरला नाही.

काही व्हीसीआर रेकॉर्डिंग सुरू होताना टेपच्या नियंत्रण-पट्टीवर शोधखूण टाकत. त्यामुळे व्हीसीआरवर पुढचा कार्यक्रम पटकन शोधता येई. पण ही खूण व्हिडिओच्या केबलमधून संगणकात येत नाही. व्हीएचएसचे चित्र डीव्हीत बदलणारा डबा मध्ये लावला, तर संगणकाला मिळणारा डीव्ही प्रवाह सलग असतो. त्यात जुन्या शूटिंगचे सांधे नोंदलेले नसतात. डबा लावला, फायरवायर आले, तरी क्लिप का पडत नाहीत, हा प्रश्न अनेकांना पडतो, त्याचे उत्तर हे आहे.

त्यातच, घरात जपलेली व्हीएचएस कॅसेट बहुतेक वेळा कच्च्या शूटिंगची नसते. ती मिक्सिंग होऊन आलेली असते. स्टुडिओने प्रसंग निवडून, गाणी चढवून, बदामाच्या आणि फुलांच्या आकाराचे इफेक्ट घालून तयार केलेली ती प्रत असते. तिच्यातले सांधे कॅमेऱ्याचे राहिलेले नाहीत, ते संपादकाचे आहेत. अशा कॅसेटसाठी एकच मार्ग उरतो : चित्र पाहून ठरवणे.

चित्रातल्या बदलावरून विभागणी

चित्रावरून सांधा शोधण्याचे मूळ तत्त्व सोपे आहे. लागोपाठच्या दोन फ्रेममधला फरक मोजायचा आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की सांधा मानायचा. प्रश्न आहे तो फरक कसा मोजायचा याचा. प्रत्येक ठिपक्याची त्याच जागेच्या पुढच्या ठिपक्याशी तुलना केली, तर कॅमेरा जरा हलला तरी फरक मोठा दिसतो. त्याऐवजी पूर्ण फ्रेममध्ये गडद, मध्यम, उजळ असे किती ठिपके आहेत याचा हिशेब केला, तर कॅमेरा फिरला तरी हिशेब फारसा बदलत नाही. मांडवातली गर्दी डावीकडून उजवीकडे सरकली तरी रंगांचे प्रमाण तेच राहते, पण मांडवातून ओट्यावर गेले की ते एकदम बदलते. रंगछटा, रंगाची गडदता आणि उजेड यांचा वेगवेगळा हिशेब केला की ओळख आणखी सुधारते.

एका चित्रातून दुसरे हळूहळू उगवत असेल, तर दोन फ्रेममधला फरक नेहमीच लहान असतो आणि साधी मर्यादा तो पकडत नाही. त्यावर सिंगापूरच्या झांग, कंकणहळ्ळी आणि स्मोलियार यांनी १९९३ मध्ये दोन मर्यादांची युक्ती मांडली. लहान मर्यादा ओलांडली की मोजणी सुरू करायची, त्या जागेपासूनचा फरक साठवत जायचा, आणि साठलेला फरक मोठ्या मर्यादेपलीकडे गेला तर तिथे सावकाश बदल झाला असे धरायचे. २००१ ते २००७ या काळात ट्रेकविड या आंतरराष्ट्रीय उपक्रमात जगभरच्या गटांनी आपापल्या पद्धती एकाच चित्रणावर तपासून पाहिल्या. अलीकडे यंत्राला हजारो उदाहरणे दाखवून शिकवण्याची पद्धत पुढे आली आहे. २०२० चे ट्रान्सनेट व्ही-२ हे त्याचे परिचित उदाहरण.

घरच्या संगणकावर यासाठी पायसीनडिटेक्ट हे फुकट साधन पुरते. त्यात एकच ठाम मर्यादा लावता येते किंवा आजूबाजूच्या फ्रेमच्या सरासरीवरून मर्यादा आपोआप वरखाली करता येते. लग्नाच्या चित्रणाला दुसरी रीत जास्त मानवते. एफएफएमपेग या साधनातही अशीच मोजणी आहे. डाव्हिन्ची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत आणि प्रीमिअरच्या नव्या आवृत्तीत ही सोय संपादनाच्या वेळी, म्हणजे टेप उतरवून झाल्यावर, वापरता येते.

मांडवात यंत्र का चुकते

लग्नाचे चित्रण हे या पद्धतींसाठी अवघड उदाहरण आहे, कारण तिथे चित्र एकाएकी बदलायला सांधा लागत नाही. अंतरपाट दूर होतो, 'सावधान' म्हटले जाते, अक्षता उडतात आणि त्याच क्षणी फोटोग्राफरच्या दोन-तीन कॅमेऱ्यांचे फ्लॅश एकदम पडतात. एक-दोन फ्रेम पांढऱ्याफटक होतात आणि यंत्र तिथे दोन सांधे मोजते : उजेड आला तो एक, गेला तो दुसरा. लग्नातला सर्वांत महत्त्वाचा क्षण अशा रीतीने अनेक तुकड्यांत तुटतो. यावर उपाय असा की संशयित जागेच्या अलीकडच्या आणि तीन-चार फ्रेम पलीकडच्या चित्राची तुलना करायची. ती दोन्ही सारखी असतील तर तो फ्लॅश होता, सांधा नव्हे.

दुसरी अडचण विजेची. २००५ नंतरच्या काही वर्षांत लोडशेडिंगने मराठवाड्याला ग्रासले होते. रात्रीच्या हळदीत वीज गेली की चित्र काळे होते, जनरेटर सुरू झाला की पुन्हा उजळते. कॅमेरा मात्र सलग चालू असतो. खांद्यावरचा व्हिडिओ लाइट मालवला किंवा लावला तरी तेच होते. डीव्ही टेपवर तारीख-वेळ तपासली की हा घोटाळा लगेच सुटतो, कारण अंधारातही कॅमेऱ्याचे घड्याळ चालूच असते. व्हीएचएसवर मात्र असा तुकडा माणसाने पाहूनच जोडावा लागतो.

वरातीत दिव्यांच्या माळा, शोभेची दारू, नाचणाऱ्यांची धावपळ आणि धावता कॅमेरा यांमुळे खोट्या सांध्यांचा पाऊस पडतो. कॅमेऱ्यासमोरून कोणी गेले आणि काही क्षण पूर्ण चित्र त्याच्या सदऱ्याने झाकले गेले, तरी तेच. यासाठी सर्वांत लहान क्लिपची लांबी ठरवून द्यावी लागते. दोन सेकंदांपेक्षा लहान क्लिप पाडू नये एवढे सांगितले, तरी बराच कचरा जातो.

व्हीएचएसचे स्वतःचेही दोष आहेत. चित्राच्या तळाशी काही ओळी नेहमी थरथरतात. मोजणी करताना त्या वगळाव्यात. टेप चुरगळलेली असेल तिथे चित्रावर पांढरे पट्टे धावतात. सिग्नल तुटला की काही व्हीसीआर निळा पडदा दाखवतात. निळ्या पडद्याची ही सोय बंद ठेवावी, नाहीतर टेपवरच्या प्रत्येक डागाची एक क्लिप होते आणि डागाखाली जे थोडेफार चित्र उरले होते तेही हातचे जाते.

याच्या उलट टोकाला कीर्तन, प्रवचन आणि सभा येतात. सप्ताहातले काल्याचे कीर्तन तिपाईवरच्या कॅमेऱ्याने दीड-दोन तास सलग घेतलेले असते. त्यात चित्राचा सांधा नाही आणि तारखेची उडीही नाही. प्रसंग मात्र आहेत : अभंग, निरूपण, दृष्टान्त, गजर. तिथे आवाजाचा आधार घ्यावा लागतो. टाळमृदंग सुरू होतो आणि थांबतो, त्या जागा आवाजाच्या आलेखात डोळ्याने सहज दिसतात. तेवढाही वेळ नसेल तर पाच-पाच मिनिटांनी खुणा टाकाव्यात, म्हणजे निदान पुढे शोधायला टप्पे मिळतात.

विभागणी चांगली की वाईट, हे कसे मोजावे

कोणतीही पद्धत दोन प्रश्नांवर तपासतात. खऱ्या सांध्यांपैकी किती सापडले? आणि सापडले म्हटलेल्यांपैकी किती खरे होते? समजा, एका टेपवर ४० खरे सांधे आहेत. यंत्राने ५० दाखवले आणि त्यांतले ३६ बरोबर निघाले. म्हणजे खऱ्यांपैकी ९० टक्के सापडले, पण दाखवलेल्यांपैकी ७२ टक्केच खरे होते. मर्यादा कडक केली की दुसरा आकडा सुधारतो आणि पहिला घसरतो.

दोन्हींपैकी कोणता आकडा जपायचा हे कामावर ठरते. संग्रहासाठी यादी करायची असेल, तर जास्तीचे सांधे चालतात, कारण ते नंतर पुसता येतात. निसटलेला सांधा मात्र पुन्हा सगळी टेप पाहिल्याशिवाय सापडत नाही. म्हणून मर्यादा थोडी सैल ठेवावी आणि माणसाने एकदा नजर फिरवावी. प्रत्येक क्लिपच्या पहिल्या फ्रेमचे छोटे चित्र ओळीने मांडले, तर एका तासाच्या टेपची तपासणी थोड्या मिनिटांत होते.

कापण्याऐवजी यादी

संग्रहाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा नियम असा की टेप आधी पूर्ण, अखंड उतरवावी आणि विभागणी ही तिच्यावरची यादी म्हणून ठेवावी. उतरवता उतरवताच क्लिप पाडण्यात दोन धोके आहेत. काही साधनांत सांध्याजवळच्या काही फ्रेम निसटतात. आणि यंत्राने चूक केली तर ती चूकच मूळ प्रत होऊन बसते. अखंड फाइल असेल तर विभागणी आज एका साधनाने, उद्या त्याहून चांगल्या साधनाने पुन्हा करता येते. डीव्ही टेपसाठी ही अखंड प्रत डीव्हीच्याच मूळ रूपात ठेवावी. तिचे एमपी-४ केले की चित्र दबतेच, शिवाय तारीख-वेळेच्या लपलेल्या नोंदीही पुसल्या जातात आणि अचूक विभागणीचा आधारच जातो. व्हीएचएससाठी एफएफव्ही-१ सारखे, चित्रातला एकही ठिपका न गमावणारे रूप चांगले.

यादी साध्या तक्त्यात बसते. टेपचा क्रमांक, सांध्याची फाइलमधली जागा, कॅमेऱ्याची तारीख-वेळ, प्रसंग, गाव आणि दिसणारी माणसे एवढे रकाने पुरतात. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिला की संगणक त्या आपोआप काळाच्या क्रमाने लावतो. टेपवर चिकटवलेली चिठ्ठी आणि डब्यावरचा मजकूर यांचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवावा. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकलेले असेल तेव्हा खरी तारीख बहुधा तिथेच सापडते. लग्नपत्रिका हाती असेल तर तिथीवरूनही ती पडताळता येते.

वरपक्षाचा आणि वधूपक्षाचा असे दोन कॅमेरे असले की दोन्ही घड्याळांत फरक असतो. तो एकदाच काढावा लागतो. दोन्ही टेपवर उमटलेला एखादा क्षण, उदाहरणार्थ शेवटच्या मंगलाष्टकानंतर बँडचा पहिला ठोका, धरून दोन्ही वेळांची वजाबाकी करावी. तो फरक एका टेपच्या सर्व क्लिपना लावला की दोन्ही टेपचे प्रसंग एका ओळीत येतात.

टेपची आणि यंत्रांची मुदत

ही सारी कामे टेप चालते तोवरच करता येतात. टेपवरचा चुंबकीय थर ज्या डिंकासारख्या द्रव्याने धरलेला असतो ते दमट हवेत पाणी शोषून चिकट होते. उन्हाळ्याची उष्णताही टेपला मानवत नाही. मराठवाड्यात दोन्ही भोगावे लागते : मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि पावसाळ्यात बंद कपाटात बुरशी धरते. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेली कॅसेट सर्वांत आधी खराब होते. बुरशी दिसत असलेली टेप थेट यंत्रात घालू नये. ती स्वतः खराब होतेच, पण यंत्राच्या हेडवर बुरशी चिकटून पुढच्या चांगल्या टेपही बिघडतात. सुस्थितीतली टेपही उतरवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मागे गुंडाळून घ्यावी.

यंत्रांची अवस्था टेपपेक्षा बिकट आहे. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले आणि नवा व्हीसीआर मिळणे जवळपास संपले. मिनीडीव्हीचे कॅमेरे आता जुन्या बाजारातच मिळतात. नव्या लॅपटॉपवर फायरवायरची जागा नसते, त्यामुळे फायरवायरचे कार्ड घालता येईल असा जुना संगणक जपून ठेवावा लागतो. ज्या कॅमेऱ्याने टेप भरली, तोच कॅमेरा ती सर्वांत चांगली वाचतो, विशेषतः संथ गतीने भरलेली नव्वद मिनिटांची टेप. म्हणून नांदेड, लातूर, उदगीर, देगलूरच्या स्टुडिओंमध्ये धूळ खात पडलेला जुना चालू कॅमेरा भंगारात देऊ नये. त्या त्या भागातल्या शेकडो टेपची ती किल्ली आहे.

हे काम एकेका घराने करण्यापेक्षा तालुक्याच्या ग्रंथालयाने किंवा महाविद्यालयाने हाती घेणे योग्य. १९९४ मध्ये स्थापन झालेले नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि त्याची संलग्न महाविद्यालये यांच्याकडे इतिहासाचे आणि माध्यमांचे विद्यार्थी आहेत. एक व्हीसीआर, एक मिनीडीव्ही कॅमेरा, एक जुना संगणक आणि दोन हार्ड डिस्क एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. दोन डिस्क यासाठी की एकाच ठिकाणी ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे.

आपोआप विभागणी कॅमेरा कुठे थांबला एवढे सांगते. क्लिपमध्ये कोणता वाडा आहे, आहेर देणारी आजी कोणाची, पंगतीत वाढणारा माणूस कोणत्या गावचा, हे तिला कळत नाही. ते त्या भावकीतल्या वडीलधाऱ्यांनाच ठाऊक असते. यंत्राने पाडलेल्या पन्नास क्लिप त्यांच्यासमोर एकेक करून लावाव्यात, सांगतील ती नावे तक्त्यात लिहून घ्यावीत. तक्त्याचा शेवटचा रकाना असा भरला की त्या टेपचे काम पूर्ण होते.